तीन टक्के, चार महिने: मुद्रांक शुल्काच्या तात्पुरत्या कपातीत बिल्डर आणि धंदेवाल्यांच्या हाती काय लागलं?

कच्चीनोंद (धागाकर्ता)

बजेट जवळ आलं की बिल्डर संघटनांची एक मागणी ठरलेली: घर विक्रीवरचा कर काही महिन्यांपुरता कमी करा. करावा की नाही यावर भांडण्याआधी, मागच्या वेळी नेमकं काय झालं ते मांडू या. महाराष्ट्रात २०२०-२१ ची मुद्रांक शुल्क कपात हा त्यासाठी चांगला नमुना आहे, कारण सुरुवात, मधली पायरी आणि शेवट या तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी जाहीर होत्या.

थोडक्यात चित्र असं. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मूळ दरात ३ टक्क्यांची सूट, १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्क्यांची. मुंबईत म्हणजे ५ वरून २, मग ३, आणि १ एप्रिलला परत ५. (२०२२ च्या एप्रिलपासून मेट्रो अधिभार धरून ६.) नोंदणी फी, १ टक्का, कमाल ३० हजार, तशीच राहिली. मुंबईबाहेर जिथे स्थानिक संस्थेचा अधिभार आहे तिथे तो वेगळा लागत होता. कपात मूळ शुल्कात होती, एकूण बेरजेत नव्हे. 'सगळीकडे २ टक्के' असं समजून हिशोब चुकवलेले बरेच निघाले.

मुंबईत नोंदवलेले दस्त, म्हणजे घरविक्रीचे करार, सप्टेंबर २०२० मध्ये साधारण ५,६००, डिसेंबरमध्ये साडेएकोणीस हजार, जानेवारीत साडेदहा हजारांच्या आसपास, मार्चमध्ये पुन्हा १७,७००. डिसेंबर आणि मार्च ही दोन शिखरं बघा. मला विचारायचंय ते हे की या शिखरांचा पैसा बिल्डरच्या साइटवर, सिमेंटवाल्याकडे, फर्निचरवाल्याकडे पोचला का, कधी पोचला आणि मध्ये कुठे अडला. धोरण चांगलं की वाईट यासाठी वेगळा धागा काढा.

---

खातेवही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ३ टक्के सूट ही ३ टक्के स्वस्ताई नव्हती, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती त्याहून मोठी होती. कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देता येत नाही (१० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद). म्हणजे शुल्काचा पैसा रोखीतला, स्वतःच्या बचतीतला.

१ कोटीचा तयार फ्लॅट घ्या. ७५ लाखांवरचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के. स्वतःचे २५ लाख, अधिक ५ लाख शुल्क, अधिक ३० हजार फी: ३०.३० लाख जमवायचे. शुल्क २ टक्के झालं की २७.३० लाख. जमवायची रक्कम एका झटक्यात दहा टक्क्यांनी खाली. ज्याचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं तो पार झाला.

आता ३१ डिसेंबरची पायरी. २ चे ३ होणार म्हणजे एक कोटीवर १ लाख जादा. चार महिने विचार करणारा माणूस २० डिसेंबरला सही करतो तो या एका लाखासाठी. डिसेंबरच्या शिखरातले सगळे 'नवे' गिऱ्हाईक नव्हते. जानेवारी-फेब्रुवारीत येणारे आधी आले. बिल्डरने डिसेंबरचा आकडा धरून पुढच्या वर्षाचा विक्री अंदाज बांधला तर तो फसणारच.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षातून सुटलं: ५० लाख वा त्यावरच्या घरावर गिऱ्हाइकाने कापायचा १ टक्का टीडीएस १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात ०.७५ टक्के होता. सवयीने १ टक्का कापून भरला की बिल्डरच्या हातात एक कोटीमागे २५ हजार कमी पडायचे आणि ते थेट विवरणपत्र भरताना परत मागायचे.

---

मुद्रांक_मित्र

शेवटच्या आठवड्यात काय चुकतं ते लिहितो, कारण तिथेच पैसे बुडतात.

दर ठरतो तो दस्तावर सही झाली त्या तारखेने. नोंदणी कोणत्या तारखेला झाली त्याने नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी, लगेच नंतर किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं. आणि नोंदणी अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे सादर करायचा. दोन वेगळी कलमं, दोन वेगळी घड्याळं.

म्हणून ३१ डिसेंबरआधी शुल्क भरून सह्या उरकल्या की नोंदणी एप्रिलपर्यंत करता येत होती. हे माहीत नसल्याने लोक कोविडच्या काळात कार्यालयांबाहेर रांगा लावून उभे होते.

नेहमीच्या चुका:

चलन भरलं, पण सह्या राहिल्या. ग्रास चलन (सरकारी ऑनलाइन भरण्याची पावती) ३० तारखेचं आणि बिल्डरच्या अधिकृत सहीवाल्याची सही ६ जानेवारीची. असा दस्त ६ जानेवारीचाच. एक टक्क्याची तूट निघते आणि तुटीवर महिन्याला २ टक्के दंड सुरू.

पहिल्या पानावरची तारीख कोरी. 'नंतर भरू' म्हणून ठेवतात आणि नोंदणीच्या दिवशी ऑपरेटर त्या दिवसाची तारीख टाकतो. सगळं मुसळ केरात.

चलनावर जिल्हा किंवा कार्यालय चुकीचं, दस्ताच्या प्रकाराचा लेख क्रमांक चुकीचा, पक्षकाराचं नाव पॅनपेक्षा वेगळं. रक्कम बरोबर असूनही अशा चलनावर आक्षेप येतो.

दोन सहखरेदीदार, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. परदेशातल्या माणसाचं कुलमुखत्यारपत्र तिकडे करून, वकिलातीत साक्षांकित करून, इकडे आणून मुद्रांकित करेपर्यंत आठवडे जातात. अशा घरात काम सवलत जाहीर झाल्याच्या आठवड्यात सुरू करायचं, शेवटच्या महिन्यात नाही.

आणि शुल्क कराराच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर. करार ९८ लाख, रेकनर १.१० कोटी: २ टक्के म्हणजे २ लाख २० हजार. १ लाख ९६ हजार भरून आलेला दस्त परत जातो.

---

भाबडा_प्रश्न

मग बिल्डर लोक सवलतीच्या काळात 'आजच नोंदणी करा' म्हणून मागे का लागले होते? त्यांना चार महिन्यांची मुभा माहीत नव्हती?

---

स्लॅब_सायकल

माहीत होती. पण बिल्डरला सहीपेक्षा नोंदणी हवी असते. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी झाली की डिमांड लेटर (हप्ता मागणारं पत्र) काढता येतं, बँक पैसे सोडते. गिऱ्हाइकाचा फायदा सहीत, बिल्डरचा नोंदणीत.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. किती पैसा आला हे इमारत कुठवर आली त्यावर अवलंबून. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) नमुना करारनाम्यातले टप्पे असे: करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत काम झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती-आतलं प्लास्टर-लादी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, आणि तिथून ताब्यापर्यंत १००.

म्हणजे डिसेंबरात एक कोटीचा फ्लॅट विकला तर:
- खोदकामावर असलेल्या इमारतीला जास्तीत जास्त ३० लाख
- जोतं झालेल्या इमारतीला ४५ लाख
- सगळे स्लॅब झालेल्या इमारतीला एकदम ७० लाख

यातले ७० टक्के रेराच्या वेगळ्या खात्यात. ७० लाखांतले ४९ लाख तिकडे, २१ लाख मोकळे. वेगळ्या खात्यातून काढायचे तर अभियंता, वास्तुविशारद आणि सीए यांचे दाखले, तेही झालेल्या कामाच्या प्रमाणात. म्हणून स्लॅब झालेल्या पण पैशांअभावी प्लास्टरला थांबलेल्या इमारतींना ही सवलत म्हणजे संजीवनी होती. नुकतं खोदकाम सुरू असलेल्याला आकडे छान दिसले, रोकड थोडीच आली. ज्यांनी '१० टक्के आता, बाकी ताब्याला' अशा योजना काढल्या त्यांच्याकडे दस्तांचा ढीग आणि खात्यात खडखडाट.

दुसरी बाजू कोणी बोलत नाही. नमुना करारनाम्यात किंमत वाढवता येत नाही, सक्षम प्राधिकरणाची विकास शुल्कं वाढली तर तेवढाच अपवाद. डिसेंबरात एकगठ्ठा फ्लॅट विकले म्हणजे एकगठ्ठा दर गोठवला. त्याच हिवाळ्यात लोखंडाचे दर चढत गेले. उंच इमारतीला चौरस फुटाला साडेचार किलो लोखंड धरा. किलोमागे १५ रुपये वाढले तर साडेसदुसष्ट रुपये फूट. हजार फुटांच्या बांधकामाला साडेसदुसष्ट हजार, विकून टाकलेल्या फ्लॅटवर, वसुलीचा मार्ग नाही. शहाण्या बिल्डरने काय करायचं असतं? विक्रीचा लोंढा आला त्याच आठवड्यात उरलेल्या स्लॅबचं लोखंड निदान बुक करायचं. विक्री विभाग पेढे वाटत असतो तेव्हा खरेदी विभागाला जागं करावं लागतं.

---

खातेवही

@स्लॅब_सायकल, त्यात ही भर घाला. त्या वर्षाअखेरीस नरेडको महाराष्ट्र या संघटनेच्या बिल्डरांनी उरलेलं शुल्कही आपण भरतो, 'शून्य मुद्रांक शुल्क' असं जाहीर केलं. हे औदार्य कसं बसवतात ते पाहण्यासारखं आहे.

मार्ग दोन. एक, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून कमी रकमेचा करार. दोन, करार पूर्ण रकमेचा आणि चलन बिल्डरने भरायचं. कागदावर दोन्ही सारखे, परिणाम वेगळे. पहिल्यात जीएसटी कमी रकमेवर लागतो, पण इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्यात, दर खाली दिसतो. इंडेक्स टू कोणीही काढून बघतो, मग पुढचं गिऱ्हाईक तोच दर मागतं, आणि आधी जास्त दराने घेतलेला दारात येऊन उभा राहतो. शिवाय कर्ज कराराच्या रकमेवर बसत असल्याने गिऱ्हाइकाची कर्जमर्यादाही घटते. म्हणून बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला: दर पडला नाही असं दिसतं.

पहिला मार्ग घेणाऱ्यांना त्याच वेळी केंद्राने एक खिडकी उघडून दिली होती, ती फार कमी जणांनी नीट वापरली. आयकराच्या कलम ४३ सीए प्रमाणे बिल्डरने रेकनरपेक्षा खाली विकलं तर रेकनरचं मूल्यच विक्री धरतात. १० टक्क्यांची मुभा असते. १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळात, २ कोटींपर्यंतच्या निवासी घराच्या पहिल्या विक्रीला ती २० टक्के केली. वरचंच उदाहरण: करार ९८ लाख, रेकनर १.१० कोटी. १० टक्क्यांनी मर्यादा १०७.८० लाख, रेकनर त्याच्या वर, म्हणजे न मिळालेल्या १२ लाखांवर कर. २० टक्क्यांनी मर्यादा ११७.६० लाख, सुटला. घेणाऱ्यालाही तशीच सूट होती. न विकलेला माल रेकनरखाली काढायची संधी या आठ महिन्यांतच होती. शुल्काची सवलत मार्चला संपली तरी ही जूनपर्यंत चालू होती, हे विसरून एप्रिलपासून दर परत वर नेणारे हातची संधी घालवून बसले.

---

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी स्टँप ड्युटीची सुटी होती. ८ जुलै २०२० पासून ५ लाख पौंडांपर्यंत शून्य. मुदत आधी ३१ मार्च २०२१, मग ३० जूनपर्यंत वाढवली, पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत अडीच लाखांपर्यंतच शून्य. मोठा फरक: इथे व्यवहार पूर्ण झाल्याची, म्हणजे किल्ली हातात पडण्याची तारीख धरतात. माझं घर घेणारा त्याचं घर विकल्याशिवाय पैसे देणार नाही, त्याचा घेणारा तिसऱ्यावर टांगलेला. साखळीत एकाचा कागद अडला की सगळे सवलतीबाहेर. त्या मानाने सहीची तारीख धरणं आणि वर चार महिने देणं हे महाराष्ट्राचं गणित कितीतरी सुटसुटीत. वकिलांचे इथले तुंबलेले टेबल आठवले की आपल्या दुय्यम निबंधकांचं कौतुक वाटतं (हे वाक्य मी लिहीन असं वाटलं नव्हतं).

---

सुतारपक्षी

फर्निचर-इंटिरियरवाल्यांचं सांगतो. दस्ताच्या आकड्यावर माल भरू नका, किल्लीच्या आकड्यावर भरा.

तयार फ्लॅटची नोंदणी डिसेंबरअखेर झाली तरी बँकेचा शेवटचा हप्ता, सोसायटीची परवानगी, अनामत हे होईपर्यंत काम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं. त्यातही आधी बाथरूमची वॉटरप्रूफिंग चाचणी, वायरिंगसाठी भिंतीत झरी (खाच), मग सीलिंग. प्लायवुडचा नंबर सगळ्यात शेवटी. मार्च २०२१ च्या शिखरातली कामं सुरू व्हायची वेळ आली आणि एप्रिलच्या मध्यावर राज्यात निर्बंध आले. सोसायट्यांनी कारागिरांना गेटवरच अडवलं. डिसेंबरच्या भरवशावर लॅमिनेटचे गठ्ठे भरलेल्यांचा पैसा तिथेच अडकला.

काय साठवायचं, काय नाही, याचा साधा नियम. ७ बाय ७ फुटी, दोन फूट खोल कपाटाला १९ मिमीचे सहा बोर्ड, पाठीला ६ मिमीचे दोन. हा माल कोणत्याही घरात खपतो, शेड (रंगछटा) बघावी लागत नाही. बिजागऱ्या, चॅनेल, ट्रॉलीचं हार्डवेअर तेही तसंच. लॅमिनेट आणि अ‍ॅक्रिलिक शटर मात्र गिऱ्हाइकाने शेड पक्की करून आगाऊ दिल्याशिवाय मागवू नये. शेड कंपनी बंद करते आणि उरलेला गठ्ठा गोदामात धूळ खातो.

कोटेशनवर मुदत लिहाच. सवलतीच्या काळात गिऱ्हाईक दहा ठिकाणांहून कोटेशन घेतं आणि चार महिन्यांनी तेच घेऊन येतं. १५ दिवस, आणि माल घेण्याइतका आगाऊ आल्यावरच दर पक्का.

---

कच्चीनोंद

सुतारपक्षी, उत्तम. एक उपप्रश्न: बिल्डरच्या कच्च्या मालावरचा कर कमी झाला तर? सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला. ती कपात कायमची आहे, मान्य. पण झिरपण्याचा प्रश्न तोच.

---

स्लॅब_सायकल

तोच, आणि इथे भलेभले चुकतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या योजनेत घरांवर ५ टक्के (परवडणाऱ्या घरांवर १ टक्का) जीएसटी, पण बिल्डरला इनपुट क्रेडिट (मालावर भरलेल्या कराची वजावट) नाही. म्हणून सिमेंटवर भरलेला कर हा त्याचा निव्वळ खर्च.

पोतं कर सोडून ३०० रुपये धरू. २८ टक्क्यांनी ३८४, १८ टक्क्यांनी ३५४. फुटाला ०.४ पोतं धरलं तर बचत १२ रुपये फूट. पण ही बचत तेव्हाच, जेव्हा सिमेंट बिल्डर स्वतः घेऊन कंत्राटदाराला देतो. मालासकट कंत्राट असेल तर? कंत्राटदाराला क्रेडिट आधीही मिळत होतं, आताही मिळतं. त्याला पोतं पूर्वीही ३०० ला, आजही ३०० लाच. बिल्डरला तो १८ टक्के लावतो, तेही बदललं नाही. बिल्डरची बचत शून्य! कंत्राटदाराचं खेळतं भांडवल थोडं मोकळं झालं, एवढंच. तेव्हा 'सिमेंट स्वस्त झालं, दर कमी करा' म्हणून कंत्राटदाराशी भांडण्याआधी कंत्राट कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा.

तात्पुरत्या कपातीत आणखी एक खबरदारी: दर बदलण्याच्या दिवसाच्या आगेमागे पुरवठा, बिल आणि पैसे या तिन्हींच्या तारखा वेगळ्या पडल्या तर तिन्हींतल्या दोन ज्या बाजूला, तो दर. त्या पंधरवड्यात माल पोचल्याची चलनं जपून ठेवा, एरवी कोणी विचारत नाही, तेव्हा विचारतात.

---

मुद्रांक_मित्र

जानेवारी २०२१ चा प्रीमियमचा निर्णय राहिलाच. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत बांधकामाचे प्रीमियम, म्हणजे परवानगीसाठी बिल्डरने भरायच्या रकमा (मुंबईत जिना, लिफ्ट, लॉबी, फंजिबल म्हणजे जादा चटईक्षेत्र वगैरेंसाठी), निम्मे. अट: जो बिल्डर लाभ घेईल त्याने त्या प्रकल्पातल्या गिऱ्हाइकांचं पूर्ण मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. एप्रिलनंतर ते ५ टक्के होतं.

गणित सोपं करून: प्रीमियममध्ये फुटाला १,२०० वाचले असं मानू. विक्री २०,००० दराने असेल तर शुल्क १,०००, फायदा २००. विक्री २६,००० ने असेल तर शुल्क १,३००, तोटा १००. म्हणजे जिथे दर उंच आणि वाचणारा प्रीमियम त्या मानाने कमी, तिथे सवलत नाकारणंच शहाणपणाचं होतं. शिवाय प्रीमियमची बचत आज, एकदम. शुल्काचा खर्च फ्लॅट विकला जाईल तसा, दोन-तीन वर्षांत पसरलेला, आणि तोवर दर ५ चा ६ झालेला.

---

भाबडा_प्रश्न

शेवटचं. ज्यांनी राहायला नाही, गुंतवणूक म्हणून २ टक्क्यांत घेतलं, त्यांनी तर खरी मलई खाल्ली ना?

---

खातेवही

लवकर विकलं असेल तर नाही. बिल्डरकडून घेऊन वर्षाच्या आत पुढे दिलं (ही मुदत २०२२ पासून तीन वर्षं झाली) तर आधी भरलेलं शुल्क नव्या दस्तात वळतं होतं, गुंतवणूकदाराचं कलम म्हणतात ते. नोव्हेंबर २०२० ला १ कोटीला घेतला, शुल्क २ लाख. सप्टेंबर २०२१ ला १.०५ कोटीला दिला. ५ टक्क्यांनी ५.२५ लाख, वजा २ लाख, नव्या माणसाने भरायचे ३.२५ लाख. सवलत नसती तर पहिल्याने ५ लाख भरले असते आणि दुसऱ्याने फक्त २५ हजार. बेरीज दोन्हीकडे ५.२५ लाखच. आणि पुढच्या घेणाऱ्याला ही वजाबाकी येत असेल तर तो ते तीन लाख तुमच्या किमतीतून मागणारच.